खुर्चीपासून खिडकीपर्यंत

५ फेब्रुवारी

भिंगरी,

सगळ्यात आधी तुमचा ढोलवाला आला. मी गॅलरीत पायपुसणं झटकत होते, खाली बघते तर हा बाप्या मफलर गुंडाळून, मान वर करून दारांवरचे नंबर शोधतोय. मला वाटलं पाण्याचं मीटर बघायला आलाय. वरूनच सांगितलं, मीटर जिन्याखाली आहे म्हणून. तर म्हणतो कसा, आजी, मी मीटरवाला नाही, मी भिंगरीच्या कंपनीत ढोल वाजवतो. माझ्या हातातलं पायपुसणं सुटलं ते थेट खालचीच्या कुंडीत. खालची म्हणजे आपल्या खालच्या मजल्यावर नवीन आलेली बाई, मागच्या पत्रात तिच्याबद्दल लिहिलं होतं. चांगली आहे, पण कान तेवढे फार लांब आहेत. कुंडीतून पायपुसणं काढून द्यायच्या निमित्ताने ती वर आली आणि ढोलवाल्याला नखशिखांत बघून गेली.

मग मागून दोघी आल्या. एक तुमची कपडेपटवाली, जिना चढून धापा टाकत होती, आल्या आल्या माझ्या पडद्याची शिवण बघितली आणि म्हणाली, ही उसवणार. दुसरी ती काडी. तू तिच्याबद्दल लिहिलं होतंस ना, कंपनीत नवीन आलेली, वारा आला तर उडून जाईल अशी. तशीच आहे. तिला मी दोन बिस्किटं जास्त दिली.

सहज आलो म्हणाले, इकडून जात होतो. आता इकडून कोण सहज जातंय? आपली गल्ली पुढे भिंतीला संपते. पण आलेल्या माणसाला असं तोंडावर विचारू नये. मी चहा टाकला. ढोलवाल्याने विचारलं, भिंगरीची पत्रं येतात का, काय लिहिते? घ्या. हे मला विचारायचं? मी सांगायला बसले की कोणी उठवत नाही तोवर उठत नाही. सगळं सांगितलं. तू शाळेत झाड झाली होतीस आणि झाडाने हलायचं नसतं तरी हललीस, तिथपासून. मग तो मिशी लावलेला राजा, मग ती म्हातारी, जिच्यात मी तुला ओळखलंच नाही आणि शेजारच्या बाईला विचारलं की माझी नात कधी येणार. गाणाऱ्या बाईचा आवाज बसला तेव्हा पडद्यामागून अख्खा प्रयोग तूच गायलीस, ते. आणि तो नुसता उभा राहिला तरी फळ्या करकरायच्या असा जाडा नट, त्याला तू नाचायला लावलंस, तेही. हे सगळं त्यांना ठाऊक असणारच, पण माझ्या तोंडून ऐकायला काय हरकत आहे.

मग म्हटलं, आता तर ती खुर्चीचा नाच करते दर शनिवारी, पण तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तिच्याबरोबरच असता.

तर भिंगरी, तिघांचे कप हातातच राहिले. मला वाटलं चहात साखरेऐवजी मीठ पडलं की काय. पिऊन बघितला, बरा होता. मग काडी हळूच म्हणाली, आजी, कसा असतो तो नाच, सांगा ना. म्हणजे रोज बघणारी माणसं, आणि तोंडं अशी, जणू कधी पाहिलाच नाही. मनात म्हटलं, असेल यांची काही पद्धत, दुसऱ्याच्या डोळ्याने बघायची.

तू लिहिलंस तसं सांगितलं. मंचावर एक खुर्ची आणि एक खिडकीची चौकट, बाकी काही नाही. खुर्चीत बाई, लोकांकडे पाठ करून. कितीतरी वेळ उठतच नाही, नुसते हात चालतात, गाठोडं बांधते, सोडते, परत बांधते, आणि गाठोडं तर नाहीच हातात. मग ती उठते आणि खिडकीकडे जाते. मध्येच थांबते. ढोलही थांबतो. काही धरायला नाही, कोणी जवळ नाही. मग पुढे.

बोलून सांगता येईना तेव्हा मी टेबलावर दोन बोटं चालवून दाखवली. तुझ्या त्या मोठ्या तापात पांघरुणावर नाचवायचे, तशीच. थंडीने मधलं बोट जरा आखडलंय, लाँड्रीत कामाला होते तेव्हा लोखंडी झाकणात सापडलं होतं ते, पेन धरायलासुद्धा कुरकुर करतं, म्हणून अक्षर असं आहे. पण बोटं बरी चालली. बघता बघता ढोलवाल्याने बिस्किटांचा डबा पुढे ओढला आणि त्यावर वाजवायला लागला. आमची मैफल जमली अगदी. शेवटी काडी म्हणते, खिडकीपाशी पोचल्यावर काय होतं? मी म्हटलं, ते तिने लिहिलं नाही बाई, आणि मला काय विचारता, तुम्हीच सांगा. तर ढोलवाल्याने बिस्किटांचा डबा माझ्याकडे परत सरकवला.

जाताना कपडेपटवालीने माझा हात धरला आणि सोडेचना. सोमवारी परत येतो म्हणालीत. गुणी माणसं आहेत. तुझी किती माया आहे त्यांना. थंडीत पाय उघडे टाकत जाऊ नकोस.

आजी

---

११ फेब्रुवारी

आजी,

तुझं पत्र मिळालं. मी छान आहे. शनिवारचा प्रयोग चांगला झाला, लोक उभे राहिले होते.

ती माणसं परत आली तर चहा दे, गप्पा मार, पण माझ्या कामाबद्दल त्यांना काही सांगू नकोस. तो नाच अजून पक्का झालेला नाही, आणि कच्चं काम बाहेर बोललेलं मला आवडत नाही. तुझ्यावर राग नाही, पद्धत म्हणून सांगते.

ती माणसं काय म्हणाली माझ्याबद्दल? तू काय सांगितलंस ते सगळं लिहिलंस, त्यांनी काय सांगितलं ते एक अक्षर नाही. नेमकं काय म्हणाली ते लिही. विशेष करून ढोलवाला.

आणि तू एक गोष्ट विसरलीस. उठल्यावर ती बाई आधी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवते आणि तो हात सगळ्यात शेवटी सुटतो. पाऊल आधी जातं, हात मागे राहतो. ते नसेल तर बाकीच्याला अर्थ नाही.

बोटाला गरम पाण्याचा शेक दे. पडद्याची शिवण खरंच उसवेल, तिची नजर चुकत नाही.

तुझी भिंगरी

---

१६ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझं पत्र आलं मंगळवारी आणि ती तिघं येऊन गेली सोमवारी. तेव्हा सांगू नकोस म्हणालीस त्याला उशीर झाला. आता जे झालं ते सरळ लिहिते.

तिघं आली. आल्या आल्या विचारलं, आजी, टेबल जरा भिंतीला लावलं तर चालेल का? मी म्हटलं लावा. सतरंजी गुंडाळली. माझी ती वेताची खुर्ची, जिचा एक पाय मी कागदाची घडी घालून सरळ केलाय, ती मधोमध ठेवली. आणि काडी तिच्यात बसली, माझ्याकडे पाठ करून. मी पलंगावर, कपडेपटवाली माझ्या बाजूला. ढोलवाल्याने या वेळी खरा ढोल आणला होता, पण बोटांनीच वाजवला, खालचीला त्रास नको म्हणून.

तिने तुझा नाच केला, भिंगरी. आपल्या खोलीत. मी काय सांगितलं होतं ते सगळं तिच्या डोक्यात होतं. गाठोडं बांधलं, सोडलं. मला तर गाठ दिसलीसुद्धा. मग उठली आणि गॅलरीच्या दाराकडे निघाली, खिडकी समजून. उजवा पाय जरासा ओढत. मला आधी वाटलं हिला मुंग्या आल्या, इतका वेळ बसली होती. पण नाही, शेवटपर्यंत तसाच ओढत गेली. मध्ये थांबली. ढोल थांबला. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवली तेवढीच. शेजारी बघते तर कपडेपटवालीने भिंतीकडे तोंड फिरवलेलं.

ती तिघं तुझ्याबद्दल काय म्हणाली, विचारलंस. काहीच नाही. हेच मला लागलं. एरवी माणूस नसलेल्या माणसाबद्दलच बोलतो.

मग तिघं निघाली. मी जिन्यापर्यंत गेले. दोघी पुढे उतरल्या. ढोलवाला मागे राहिला, मफलर बांधल्यासारखं करत होता. म्हणाला, आजी, डॉक्टरांनी तिला पायावर भार द्यायला सांगितलं का आता?

मी हो म्हटलं.

म्हटलं, हो, सांगितलंय, आता बरीच बरी आहे. खोटं बोलले. घरचं माणूस आपल्याला काही सांगत नाही हे परक्याला कशाला कळू द्यायचं? त्याचा चेहरा इतका खुलला की मला वाटलं मी याला काहीतरी देऊन टाकलं, जे माझ्याकडे नव्हतंच. मग आत येऊन दार लावलं. टेबल तसंच भिंतीला लावलेलं आहे अजून. मला एकटीला हलत नाही.

दुसरं काही विचारत नाही. कुठला पाय, भिंगरी? एवढंच लिही.

आजी

---

२४ फेब्रुवारी

आजी,

उजवा.

नोव्हेंबरात झालं. तालमीत मंचावरचा चौथरा मला मागे हवा होता, म्हणून मीच सरकवायला लावला. मग मधला एक भाग परत घेऊ या म्हटलं, आणि त्या भागात अंधारात पाठमोरी उडी आहे. मी उडी घेतली ती चौथऱ्याच्या जुन्या जागेवर. दुसऱ्या कोणाची चूक नाही. मांडीचं हाड वर जिथे कमरेला मिळतं तिथे मोडलं. आत लोखंड घातलंय. डॉक्टर चांगला माणूस आहे, ताटकळत ठेवलं नाही. चालशील म्हणाला, काठीने, आणि पुढे कदाचित काठीशिवाय. नाच नाही. त्याने ‘सध्या’ हा शब्द वापरला नाही. मी वाट बघत होते, तो वापरेल म्हणून.

तुला कळवलं नाही. कारण तू आली असतीस, तो जिना आणि ती गाडी आणि तुझं वय घेऊन, आणि माझ्या पायाकडे बघितलं असतंस. डॉक्टर बघतो, सकाळी कामाला येते ती बाई बघते, ते मी सोसते. तुझं बघणं सोसलं नसतं.

तुला लिहिलेले प्रयोग झालेले नाहीत. शनिवार नाहीत. लोक उभे राहिले नाहीत. असा नाच कुठे बसवलेलाच नाही. मी या खोलीत खुर्चीत बसून असते, समोर खिडकी आहे. खुर्चीपासून खिडकीपर्यंत मी अजून काही न धरता गेलेले नाही. तुला पत्र लिहायला घेतलं की तेवढ्यापुरती जायचे. एवढाच तो नाच.

कंपनीची माणसं दारात आली होती, बऱ्याचदा. मी उघडलं नाही. आता कळलं, माझं दार बंद म्हणून ती तुझ्या दाराशी आली.

काडीने पाय ओढला? कोणी सांगितलं तिला? माझ्या नाचात ती बाई नीट चालते, आजी. दोन्ही पाय सारखे. तेवढ्यासाठी तर तो नाच आहे. माझ्या लंगडण्याची नक्कल माझ्याच आजीच्या खोलीत, माझ्याच आजीसमोर. दया येऊन केली असेल तर जास्तच वाईट. त्यांना सांग, बंद करा. तो नाच मंचासाठी नाही, तो तुला लिहिलेला होता. कोणी करायचा नाही. कंपनीला राजीनामा लिहून ठेवलाय, जरा बाहेर पडता आलं की माझ्या हातानेच टाकते.

टेबल हलवायला खालचीला बोलव. एकटीने ओढू नकोस.

भिंगरी

---

६ मार्च

भिंगरी,

आधी मी रागावले. तुझा राजाचा फोटो, तो मिशीवाला, भिंतीकडे तोंड करून टांगला. तर मागच्या बाजूला हे एवढं जाळं. म्हणून उतरवला, पुसला, आणि पुसताना तुझी नजर माझ्याकडेच, म्हणून परत सरळ टांगला. एवढाच राग टिकला. मग रडले. खालची वर आली, काय झालं विचारलं, मी म्हटलं कांदा. तिने इकडे तिकडे बघितलं, कांदा कुठे दिसेना. टेबल हलवून गेली. कान लांब आहेत, पण बाई वाईट नाही.

पाय गेला हे वाईट झालं. त्याच्यात चांगलं काही मी शोधणार नाही, आणि कोणी शोधून द्यायला आलं तर त्याला जिन्यावरून ढकलीन. तू लहान असताना सरळ चालायचीच नाहीस, पाण्याचा तांब्या आण म्हटलं तरी गिरकी घेऊन आणायचीस, अर्धं पाणी जमिनीवर. तेव्हापासून तर भिंगरी. ते पाणी पुसताना मी तुला किती बोललेय. आता वाटतं सगळी खोली ओली केली असतीस तरी चाललं असतं.

आता काडीचं. तिला पाय ओढायला कोणी सांगितलं, विचारतेस. मीच.

तोंडाने नाही. माझं मधलं बोट, भिंगरी. मी टेबलावर दोन बोटं चालवली, त्यातलं एक वाकतच नाही नीट, ते मागून फरपटत येतं. इतकी वर्षं माझ्याबरोबर आहे, आता माझ्या ध्यानातही येत नाही. त्या पोरीने बोटं बघितली आणि बोटांसारखी चालली. नाच असाच आहे समजली. तुझी नक्कल ती कशी करील? तिने तुला चालताना पाहिलंय कुठे? तू दारच उघडलं नाहीस.

हे मी तिला काल विचारून खात्री करून घेतली. तिघं आली होती. तुझा निरोप जसाच्या तसा दिला. बंद करा, कोणी करायचा नाही. तुला जसा राग आला होता तसाच आवाज काढून दिला, म्हणजे त्यांना खरं वाटावं. ढोलवाल्याने लगेच ढोलाला कापड गुंडाळलं. कपडेपटवालीने काहीतरी शिवायला आणलं होतं ते पिशवीत परत टाकलं. काडी खुर्चीतून उठली आणि जिन्यावर जाऊन बसली. मी मागून गेले. म्हणाली, आजी, मला तो येतच नाही, मला माहीत आहे. पण ताई येत नाही, काही पाठवत नाही, तालमीला आम्ही नुसते बसून असतो. एवढंच एक हाताला लागलं होतं तिचं.

एवढं बोलून ती मुलगी जिना उतरून गेली. परत येऊ का असंही विचारलं नाही कोणी.

आता मी माझं सांगते. तू ऐक नाहीतर नको ऐकू.

तुझ्या तापात तुला उठता येत नव्हतं. मी पांघरुणावर बोटं नाचवली. मी जन्मात कधी नाचले नाही, लाँड्रीत चादरी घड्या करण्यापलीकडे मला हात हलवता आला नाही. तरी तुझ्यासाठी काहीबाही केलं, आणि तू डोळे मोठे करून बघायचीस. मग बरी झालीस, पलंगावरून उतरलीस आणि मी बोटांनी केलं होतं ते पायांनी करायला लागलीस. तेव्हा मी म्हटलं का, की हा माझा नाच आहे, खाली ठेव?

आणि तो जाडा नट. मी त्या प्रयोगाला आले होते, तू मला विंगेत उभं केलं होतंस. तू नाचत नव्हतीस त्यात. तो नाचत होता, आणि कसा, वजनच नाही अंगाला असा. सगळे त्याच्याकडे बघत होते, मी तुझ्याकडे बघत होते, मला दुसरं काम काय. तुझी बोटं मांडीवर चालली होती, आणि तुझं तोंड असं झालं होतं जसं तापातून उठल्यावर पहिल्यांदा झालं होतं. राजा केलास, म्हातारी केलीस, तेव्हा लोकांनी तुला डोक्यावर घेतलं, पण ते तोंड मी पुन्हा बघितलं नाही. टाळ्या त्याला मिळाल्या. तुला काही कमी पडलं नव्हतं.

मला यातलं कळत नाही. जे दिसलं ते लिहिलं. राजीनामा टाकायचा तर टाक, पत्र टाकू नकोस असं मी कोण सांगणार. फक्त एवढं, की ती पोरगी जिन्यावर बसली होती आणि तिचा उजवा पाय आपोआप मागे राहिला होता.

आजी

---

२९ मार्च

आजी,

इतके दिवस उत्तर लिहिलं नाही. काही लिहायला नव्हतं.

परवा राजीनामा टाकायला निघाले. पत्रपेटी कोपऱ्यावर आहे, पूर्वी मी चपला न घालता धावत जायचे. या वेळी काठी घेऊन, जिना बसत बसत उतरून. वाटेत आरशांचं दुकान आहे. तिथे दम घ्यायला थांबणार तोच समोरच्या मोठ्या आरशात मला चालत येताना एक बाई दिसली, आणि ती मी होते. पडल्यापासून मी स्वतःला चालताना पाहिलं नव्हतं. खोलीतला आरसा मी कामाच्या बाईला काढून ठेवायला लावला होता.

थोडी मागे गेले आणि परत आले. मग परत. दुकानदार बाहेर आला, काही हवंय का विचारायला. मी म्हटलं, आरसा बघतेय. तो म्हणाला, सगळे तेच करतात.

मी ओढत नाही, आजी. माझा पाय आधी थांबतो आणि मग येतो. मधे एक रिकामी जागा पडते. त्या जागेत खूप काही असतं. भीती असते, पण तेवढीच नसते.

म्हणून काडीला सांग, पाय ओढू नकोस. ओढलं की लोकांना कीव येते आणि ते बघायचं थांबतात. थांबव तो. टाच उचलायची आणि तिथेच राहायचं. ढोलवाल्याला सांग, ठोका पाऊल टेकल्यावर नाही, पाऊल वर असताना. त्याला कळेल. आणि मधे बाई पूर्ण थांबते तिथे काहीही वाजवायचं नाही, त्याला वाजवावंसं वाटेल, तरीही. कपडेपटवालीला सांग, पोशाख पायघोळ नको. पाय दिसू दे.

दोन्ही पाय सारखे, असं मी म्हटलं होतं. ते राहू दे. तुझं बोट बरोबर होतं.

हे सगळं तुला नीट सांगता येईल ना? एकदा मोठ्याने म्हणून बघ.

राजीनामा घेऊन परत आले. फाडला नाही अजून. शेवट तुम्ही सगळे विचारता. खिडकीपाशी पोचल्यावर काय होतं ते मला माहीत नाही. माहीत झालं तरी लिहून सांगता येईल असं वाटत नाही, आणि तुझ्या बोटांनाही झेपणार नाही. ते उभं राहूनच दाखवावं लागेल. मी येईन असं म्हणत नाही.

तुझी भिंगरी

---

७ एप्रिल

भिंगरी,

या वेळी काडी आधी आली. बाकीचे गल्लीच्या तोंडाशी असतील तेवढ्यात ही जिना चढून दारात. मीच बोलावणं पाठवलं होतं. दोन ओळींचं कार्ड, पत्ता तुझ्या जुन्या प्रयोगाच्या कागदावर होता.

निरोप पाठ केला होता. तुझ्या फोटोसमोर उभी राहून रोज म्हणत होते. खालचीला वाटलं मी पूजापाठ करते. तरी सांगताना गडबडलेच, ठोका कधी आणि पाऊल कधी ते उलटं सांगितलं. ढोलवाला म्हणाला, असं भिंगरी सांगणारच नाही, परत आठवा. मग आठवलं. पाऊल वर असताना. त्याने एकदा वाजवून बघितलं आणि ढोल खाली ठेवला. मफलर काढून ठेवला, ढोल परत उचलला. मग म्हणाला, चला.

काडीला जमेना. पाय वर धरायची आणि पडायची. टेबलावर आपटली, माझ्या कपाटाची मूठ निघाली. ती मूठ ठेवलीये, कोणी आलं की बसवून घेईन. मी तिला म्हटलं, बाई, तू थांबत नाहीस, तू वाट बघतेस. तुझ्यासारखी पोर कशाला घाबरेल पाऊल टाकायला. जिच्याकडे काठी आहे ती घाबरते. तिने माझी काठी मागितली, ती नको म्हणाले, नक्कल नको. मग तिला गॅलरीचा तुटका कठडा दाखवला आणि त्याच्यापर्यंत चालत जा म्हटलं. तिथे बरोबर थांबली. तेच धरून ठेव म्हटलं. हे मी माझ्या मनाने सांगितलं, तुला पसंत नसेल तर तिला विसरायला सांग.

मग जमलं, भिंगरी. पाऊल वर, ठोका, आणि मग पाऊल. मधे ती थांबली, ढोलवाल्याने हात मांडीखाली दाबून ठेवले. तेवढ्यात दारात खालची. छतावर धपाधप काय चाललंय म्हणून भांडायला आली होती, हातात ओलं फडकं. काडीला बघितलं आणि तशीच उभी राहिली. फडक्यातून पाणी गळत होतं माझ्या पायपुसण्यावर. संपलं तेव्हा भांडायचं विसरली. म्हणाली, पुढे काय होतं तिचं?

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ते तिला माहीत नाही अजून. आणि माहीत झालं तर ते उभं राहूनच दाखवायचं आहे.

तेव्हा ढोलवाला मफलर हातात गुंडाळत म्हणाला, गुरुवारी गेलो होतो तिच्याकडे. दार उघडलं.

एवढंच. आत काय बोलणं झालं ते त्याने सांगितलं नाही, आणि मी, जिला कोणी गप्प बसवू शकत नाही, मीही विचारलं नाही. कपडेपटवाली उगाच पडद्याची शिवण बघत होती. उसवली आहेच, पुढच्या वेळी सुई आणते म्हणाली.

जाताना त्याने जिन्याकडे नीट बघितलं, वळणावर थांबून पायऱ्या न्याहाळल्या, कठडा हलवून पाहिला. मी म्हटलं, पक्का आहे तो, वरचाच तेवढा तुटका. आज सकाळी खालचीने आणि मी मिळून वेताची खुर्ची त्या वळणावर नेऊन ठेवली, कोणाला मध्येच टेकायचं झालं तर. कागदाची घडी बदलून घट्ट केलीये, डुगडुगत नाही. उरलेल्या पायऱ्या काही फार नाहीत. आणि त्यांनी सरकवलेलं टेबल या वेळी भिंतीलाच राहू दिलंय.

आतापर्यंत तिघं येत होती. या वेळी म्हणाली, आम्ही चौघं येऊ. चौथं कोण ते मी विचारलं नाही. कपबशी काढून ठेवलीये. येत्या रविवारी येतो म्हणालीत, सकाळी, जिन्यात ऊन असतं तेव्हा.

आजी